कॅडमियम पिवळा

शनिवारी नऊला अग्निशमन दलाच्या हॉलचं शटर वर जातं
तेव्हा रांग आधीच लागलेली असते,
एल्बेवरचं धुकं कोटांच्या बाह्यांवर घेऊन आलेली.
कुणाच्या हातात बुट्टी, कुणाकडे बाळाची जुनी गाडी,
तिच्यात गाळण्या, मापाचे कप, लिंबू पिळायची भांडी,
आणि अर्थात कोंबड्या:
उकडलेलं अंडं ठेवायच्या प्लास्टिकच्या कोंबड्या,
देश होता तेव्हा घरोघरी न्याहारीच्या टेबलावर बसलेल्या,
देश गेला तरी
खुडूक, न उठलेल्या.

माझ्याकडे क्षकिरणांचं यंत्र. दिसायला ड्रिल मशीनसारखं.
वस्तूला त्याचं नाक टेकवायचं, तीस सेकंद हात हलू द्यायचा नाही.
मग पडद्यावर एकेक जण हजेरी लावतो:
शिसं, क्रोमियम, कॅडमियम,
दहा लाखांत किती भाग.
यॉर्डिस आकडा वहीत लिहिते, बुडाला स्टिकर लावते.
पांढऱ्यात बहुधा काही नसतं. निळं सहसा सुटतं.
लाल, केशरी, पिवळं आलं
की बोलायच्या आधी मी घोटभर पाणी पिते.

काय सांगायचं ते छापून दिलंय:
सापडलं म्हणजे अन्नात उतरलंच, असं नाही.
आंबट ठेवू नका, गरम ठेवू नका.
चरे पडले असतील तर वापरू नका.
शोभेला ठेवा.
लोक माना हलवतात आणि जे छापलेलं नाही तेच विचारतात.
"पोरं वाढवली हो मी यावर."
एका गृहस्थाने खवणी माझ्या हातून हिसकावून घेतली,
"चाळीस वर्षं काही झालं नाही!"
दारापर्यंत गेला, परत आला,
टाकायचा डबा कोणता, विचारायला.

साडेअकराला रोस्विता काउलफुस आल्या.
टॉवेलमध्ये गुंडाळलेला वाडगा,
फुगत ठेवलेली कणीक आणावी तसा, छातीशी.
इतका पिवळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.
बुडाला शिक्का नाही. काठ एका अंगाने ओघळलेला.
"दुय्यम माल," त्या म्हणाल्या. "एकेहार्टने आणला.
रंगखात्यात होता. पोतं फाडायचं, फावड्याने भुकटी ओतायची.
शुक्रवारी रुमाल धुवायला टाकायचा,
तीन पाण्यांनंतरही बलक फुटल्यासारखा."

तीस सेकंद.
मागे कुणीतरी थर्मासातून कॉफी ओतत होतं.
आकडा आला, चार अंकी.
यॉर्डिसने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.
मी सुरू केलं: आंबट, गरम, चरे...

"मूत्रपिंडं," त्या मध्येच म्हणाल्या,
"एकोणसाठाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, बियर.
बियर तो पीत नसे."
आवाजात तक्रार नव्हती.
वाण्याच्या बिलातली चूक दाखवावी, तेवढंच.

मग पिशवीतून लाकडी डाव काढला,
टोकाला डावीकडून झिजलेला.
"आणि हा? याच वाडग्यात फिरलाय, एकाहत्तर सालापासून."
लाकूड माझ्या यंत्राला धड वाचता येत नाही, हे सांगायला हवं होतं.
आजची तपासणी फक्त प्लास्टिकची, हेही.
मी नाक टेकवलं.

पुन्हा तीस सेकंद. मोठे.
डावाचा झिजलेला तुकडा कुठे गेला असेल
हे आम्हा दोघींनाही कळत होतं:
प्लमच्या केकमध्ये, बटाट्याच्या गोळ्यांत,
रविवार रविवार करून
कुणाकुणाच्या पोटात.

"काही दिसत नाही," मी म्हणाले.
"दिसत नाही," त्यांनी शब्द तोंडात फिरवून पाहिला.

यॉर्डिसने हळूच विचारलं, वाडगा ठेवून जाणार का.
"नाही. शोभेला ठेवा म्हणालात ना तुम्ही."
टॉवेल पुन्हा चारही टोकांनी बांधला,
डावासाठी एक हिरवा स्टिकर मागून घेतला
आणि दांड्यावर चिकटवून
अंगठ्याने बराच वेळ दाबत राहिल्या.

त्यांच्या मागे नऊ-दहा वर्षांचा मुलगा.
एकटाच. खिशातून एक कोंबडी काढतो, केशरी,
चोच दातांनी चावलेली.
"ही नाही ना?"

मी पाण्याची बाटली शोधू लागते.